निम्मं करायचं राहिलं

"शेडनेट जास्तीचं आलंय. कापलेलं दुकानदार परत घेत न्हाई," फाटकाबाहेर उभा राहून कैलास म्हणाला. खांद्यावर हिरवी गुंडाळी होती.

चंद्रकांत ओट्यावरून उठला. वाटणी झाल्यापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. माले गावातलं चौकोनी रान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपं कापलं गेलं, दोघांना एकेक त्रिकोण आला. त्या दिवशी कैलास थोरल्या भावाला चारचौघांत नको ते बोलला होता.

"जास्ती म्हंजे किती?"

"तुझ्या तुकड्यावर बसंल एवढं. साठ गुणिले चाळीस केलं दिशानं. त्रिकोणाचं निम्मं करायचं इसरली."

दिशा चंद्रकांतची मुलगी, पिरंगुटला कॉलेजात. मोठ्यांचं भांडण तिनं कधी मानलं नाही. काकाला नर्सरीवर सावली करायची होती. किती नेट आणू, असं त्यानं तिलाच विचारलं होतं, आणि तिनं फोन करून आकडा कळवला होता.

"एवढं शिकून निम्मं करता येईना व्हय गं?" चंद्रकांत दाराकडे बघून ओरडला.

दिशा काही बोलणार होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. कैलास गुंडाळीची सुतळी सोडत राहिला. मान काही वर केली नाही.

दुपारभर दोघांनी मिळून नेट ताणलं. खाली चंद्रकांतची मिरचीची रोपं उन्हानं मलूल झाली होती. एकानं बांबू धरायचा, दुसऱ्यानं तार आवळायची. बोलणं कामापुरतंच.

दिशा पाणी घेऊन आली. कैलासनं तांब्या घेतला, पण न पिताच खाली ठेवला. ती गेल्यावर तो बांधावर मटकन बसला.

"दादा, पोरीला बोलू नगंस. तिनं बाराशे फूटच सांगितलं हुतं. दुप्पट मीच घेतलं."

चंद्रकांत तार पिळत होता.

"रिकाम्या हातानं तुझ्या दारात यायला तोंड न्हवतं मला," कैलास म्हणाला. "म्हणून त्या लेकरावर ढकललं. लई वाईट वागलो बघ."

चंद्रकांतनं तारेचं टोक आत वळवलं, बांबू हलवून पाहिला.

"तिनं नुसता फोन केला," तो म्हणाला. "तुझं गणित मीच करून दिलं हुतं."