टेपचं दुमडलेलं टोक

डोंबिवलीतल्या शॉपिंग सेंटरमध्ये लादी पुसताना वॉटर कूलरचा शॉक लागून सगुणा गेली. "ओल्या हाताने कशाला धरायचं?" म्हणत सेक्रेटरी मोकळा झाला. दोन महिन्यांनी दुकानदारांनाही झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा त्याने तिच्याच नवऱ्याला बोलावलं. "दौलतराव, ब्याऐंशी साली वायरिंग तुमचंच ना? बघा जरा." चूक कुणाची, हे सगळ्यांसमोर दाखवायला दौलत आला. टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब पेटला नाही, म्हणजे अर्थिंग जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं. "बघा! ओले हात म्हणे!" ओरडत त्याने मीटरखालची लादी उचकटली. खाली अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डाच नव्हता. वायरच्या टोकाला नुसती टेप होती. "खड्डा नंतर खणू," बिल्डर म्हणाला होता, तेव्हा पुढे जोडणाऱ्याला सोपं जावं म्हणून दौलतनेच टेपचं टोक दुमडून ठेवलं होतं. आता त्याने ते चिमटीत धरलं. टेप सहज सुटली.