बापाचा काडतुसांचा डबा

एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम दोन दिवसांवर आला, आणि क्लेटनच्या नव्या रायफलीत काडतूस घातलं की नळीमागचा बोल्ट काही केल्या बंद होईना. बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या ऑर्विलने काडतूस उजेडात धरलं.

"तुझ्या बापाने घरी भरलेली ना ही?"

"हो. जाताना थोरल्याला आपली रायफल दिली, माझ्या पदरात हा डबा. तोही बिघडलेला!"

"बिघडला नाही रे. त्याची रायफल आतून झिजलीय. तिच्यातच उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तो पुन्हा भरायचा, त्या फुगून तिच्याच मापाच्या झाल्यात. थोरलाही येऊन गेला परवा. बाजारातली काडतुसं त्या रायफलीत फाटतात म्हणाला."

"बाबांना हे ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं भरत होता तो."

क्लेटनने डबा बंद केला आणि सख्ख्या भावाचा फोन नंबर ऑर्विलकडे मागितला.