शून्य नंबरचं दूध

वाटीतलं दूध नौशीननं फॅट मोजायच्या मशीनच्या बाटलीत ओतलं, तेव्हा ती अर्धी झोपेतच होती.

कळसच्या दूध केंद्रावर दुपारी साडेचारला कुणी नसतं. मोठ्या टाकीचा कूलर घूं घूं करत राहतो. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर उतरते आणि सरकत सरकत वजनकाट्यापर्यंत जाते. ती तिथं पोचली की दूध घालणारे यायला लागतात. टेबलाशेजारी साडीच्या झोळीत नौशीनची अडीच महिन्यांची छकुली निजली होती. मघाशी टेबलावर डोकं टेकलं तेव्हा नौशीनला स्वप्न पडलं होतं. गावातले सगळे कॅन आपल्या पायांनी रांगेत आले होते, आणि झाकण काढून बघावं तर आत दूध नाही, नुसता उजेड.

सकाळी तिची सासू जरिना म्हणाली होती, "पोरगी सारखी रडती गं. तुझ्या अंगावर पुरत न्हाय, असं वाटतंय मला. दानिशला सांगितलंय, येताना बारामतीवरनं दुधाच्या पावडरचा डबा आण म्हणून." बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. राग असता तर निदान दानिशपाशी, आपल्या नवऱ्यापाशी, कुरकुर तरी करता आली असती.

दुपारी नौशीननं दार लावून आपलं दूध वाटीत पिळून पाहिलं. अर्धा तास खटपट केली, तेव्हा कुठं वाटीचं बूड झाकलं. रोज जिच्या हातून गावाचं सातशे लिटर दूध जातं, तिच्या लेकराला दूध पुरू नये, याची तिला लाज वाटली. ते टाकून द्यायलाही जीव होईना, म्हणून वाटीवर झाकण ठेवून ती तशीच केंद्रावर घेऊन आली. कमी तर कमी, पण कसदार तरी आहे का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि मशीन समोरच होतं.

मशीननं उत्पादकाचा नंबर विचारला. तिनं शून्य दाबलं. नळीनं घोट घेतला, मशीन जरा घरघरलं आणि पावती बाहेर आली. फॅट दोन पूर्णांक चार. पाणी अठरा टक्के.

नौशीननं पावती तीनदा वाचली. असलं दूध ती रोज परत पाठवते.

टेबलावरचा फोन उजळला. दानिशचा मेसेज होता. "दुकानात हाय. कुठला डबा आणू?"

"जागी हायस का झोपलीस गं?"

दारात साखरबाई किटली घेऊन उभी होती. एके काळी मेंढरं घेऊन तिनं अर्धा मुलूख पायांखाली घातलेला. आता दोन गाई होत्या आणि मशीनशी रोजचं भांडण होतं. "तुझं मशीन खोटं बोलतंय," ती रोज म्हणायची. "आजी, मशीन कुणाचं तोंड बघून बोलत न्हाय," नौशीन रोज सांगायची. किटलीत कधी पाणी पडायचं का, हे साखरबाईला आणि तिच्या दारातल्या हापशालाच ठाऊक.

आज नौशीननं नुसती पावती पुढं केली.

"मला कुठं वाचता येतंय? कुणाची ही?"

"माझी."

"तू कवा गाय घेतलीस?"

"गाईचं न्हाय, आजी. माझं हाय. पाणी निघालं त्यात." आणि तिला रडू फुटलं.

साखरबाईनं रिकाम्या वाटीकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. किटली खाली ठेवली.

"आगं येडे, ह्या मशीनला गाय ठावं. बाईचं काय कळतंय त्याला?"

तिनं झोळीत वाकून छकुलीला अलगद उचललं आणि तिला मांडीवर घेऊन उन्हाच्या पट्टीतच फतकल मारली. छकुली जागी झाली नाही. ओठ मात्र चुटूचुटू हलत होते, झोपेतही तिचं पिणं चालूच होतं.

"आमी मेंढीची कास दाबून कधी बघितलं न्हाय. कोकराकडं बघायचो." साखरबाईनं छकुलीच्या मनगटावरची वळी बोटानं उघडली. आत सकाळच्या आंघोळीनंतरची पावडर तशीच होती. "दिसाला दुपटी किती धुतीस?"

"आठ. कधी नऊ."

"मग ती काय वाऱ्यानं भिजत्यात?"

नौशीनला रडता रडता हसू आलं. "पण सांजच्याला लई रडती. सारखी लुचती. मग वाटतं, आत काय उरलंच न्हाय."

"लुचू दे की. जितकं लुचंल तितकं उतरंल. कोकरू कासंला ढुशा देतं, ते काय उगी?"

कूलर घूं घूं करत राहिला. ऊन छकुलीच्या पावलांवर आलं. साखरबाई बसल्या जागी डुलायला लागली, आणि नौशीनचेही डोळे जड झाले. क्षणभर तिला वाटलं, मघाचं स्वप्नच पुढं चाललंय.

मग साखरबाई एकदम डुलायची थांबली. मांडीवरच्या छकुलीच्या दुपट्यातून एक धार निघाली, लुगड्यावरून फरशीवर उतरली, उन्हात चमकली आणि वजनकाट्याच्या दिशेनं निवांत वाहत गेली. साखरबाई जागची हलली नाही.

"बघ," ती म्हणाली, "ही पावती मला वाचता येती."

नौशीननं डोळे पुसले. मग फोन उचलून दानिशला लिहिलं, "डबा नको. दुपटी आण."