नळाच्या मुंग्या

"नळाला हात लावला की मुंग्या येतात गं," सासूबाई सांगायच्या. "साखर वाढली असेल, आई," म्हणत मृण्मयी हसण्यावारी न्यायची.

विजेच्या धक्क्यापासून वाचवणारा जुना ईएलसीबी स्विच वॉशिंग मशीन लावलं की पडायचा. पंखा थांबायचा, बाळ उठायचं. "आधी अर्थिंग बघू, वहिनी," वायरमन म्हणाला होता. "तो स्विच काढूनच टाका," तिने सांगितलं होतं, आणि त्याने तो काढला होता.

आज मशीन चालू असताना बाळाने ओल्या हाताने नळ धरला आणि ते किंचाळलं. तिने नळाला बोट लावलं. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. बाळाला उचलून तिने धावत मेन स्विच पाडला.

तिच्या पाठीवरून हात फिरवत सासूबाई म्हणाल्या, "रडू नकोस. तू होतीस म्हणून पोर वाचलं गं."

तिने मान खाली घातली आणि तो हात तसाच फिरू दिला.