गाडीची खोड

"या आपोआप चालणाऱ्या गाड्यांना चालवणाऱ्याच्या खोडी लागतात, मॅडम. सर्व्हिसिंगला आणा, आम्ही पुसून देतो," कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. "तुमची तर घाटात विनाकारण थांबते."

"ऑइल मी घरीच बदललं तर?"

"वॉरंटी जाईल."

"जाऊ दे." रेवतीने फोन ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि पाना घेऊन ती गाडीखाली शिरली. जुनं ऑइल कोपरापर्यंत ओघळलं, तरी ती हटली नाही.

पक्षाघातानंतर तिच्या वडिलांनी, अण्णांनी, त्यांच्या या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. संध्याकाळी तिने त्यांना शेजारी बसवलं आणि गाडीला घाटाकडे जायला सांगितलं. देवीच्या घुमटीपाशी गाडी आपणहून मंदावली, थांबली आणि अण्णा द्यायचे तसाच तिचा हॉर्न एकदा हळूच वाजला.

अण्णांचा धड हात सावकाश कपाळाकडे गेला.