मिराबाईचा सांगावा
वसमतच्या हळद कारखान्यात माणसांची वानवा पडली, तेव्हा व्यवस्थापिका आकांक्षाने कामगारांनाच मोबाइलसमोर बोलते केले. त्यांचे व्हिडिओ पाहून नवे लोक येतील, अशी तिची अपेक्षा होती. हळद निवडणारी मिराबाई मात्र कारखान्याचे नावही न घेता ऊसतोडीला गेलेल्या लेकीशीच बोलू लागली. "शिले, ऊस सरला की पुण्याला बिगारीला जाऊ नको. इथं सावलीत बसून काम हाय. तुझं लेकरू मी सांभाळीन." बाया हसल्या. "मावशी, हे साऱ्या जगाला दिसणार आहे," आकांक्षा म्हणाली. "पुन्हा घेऊ." "काहून? दिसू द्या. तिला बराबर समजंल." आकांक्षाने तो व्हिडिओ तसाच समाजमाध्यमावर टाकला. चौथ्या दिवशी शिलाचा आईला फोन आला: "याडी, मी येते. फडातल्या पाचजणीबी संगं येऊन राहिल्यात, लेकरं घेऊन." मिराबाईने विचारले, "मॅडम, गेटाजवळच्या लिंबाला सहा झोळ्या बांधू?"