जिवंत मुद्देमाल

"पकडणाऱ्याला तुम्ही सोडलंत, साहेब, आणि पकडलेल्यांना कोंडलंत. आता ती मरतायत. तुमच्या खोलीत, तुमच्या डोळ्यांदेखत."

शिवणकाम करणारी बाई वनखात्याच्या साहेबांच्या टेबलाच्या अगदी कडेला येऊन उभी होती. साहेबांनी चहाचा कप बाजूला सरकवला आणि आवाज चढवायच्या आधी मोठी माणसं जेवढं हसतात तेवढं हसले.

"ताई, तक्रार तुम्हीच केलीत ना? आम्ही धाड घातली, तुमच्या दिराला पकडलं, पक्षी जप्त केले. आणखी काय करायचं?"

"सोडा त्यांना."

"कोर्टानं सांगितल्याशिवाय? अहो, मुद्देमाल आहे तो."

मुद्देमाल खिडकीखाली पडला होता. जप्त केलेल्या करवती आणि जाळ्यांच्या ढिगाला टेकवलेला तारेचा पिंजरा, आणि त्यात रानातून धरून आणलेल्या मुनिया. चिमणीहून लहान. गिऱ्हाईक भुलावं म्हणून कोणी हिरवी रंगवलेली, कोणी गुलाबी. पिंजऱ्याच्या दाराला सुतळी बांधून गाठीवर लाखेचं सील मारलं होतं. सील अगदी नियमाप्रमाणे होतं. पाण्याची वाटी आत राहिली, एवढंच. उपडी आणि कोरडी.

म्हणून शिपाई वरून मगानं पाणी ओतायचा. तळाच्या पत्र्यावर साचेल तेवढं पाखरं प्यायची. कालपासून साहेबांनी तेही बंद केलं होतं.

"रंग जातोय," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "रानातले पक्षी रंगवून विकत होता, हाच तर आपला मुख्य पुरावा. रंग धुतला गेला तर तुमचा दीर सुटेल. चालेल तुम्हाला?"

दीर सुटलेलाच होता. जामिनावर बाहेर येऊन, हजेरीची सही करायला दाराजवळच्या बाकावर आरामात बसला होता.

"वहिनी," तो तिथूनच म्हणाला, "माझ्याकडे वाटी कायम भरलेली असायची. विचारा पाखरांना."

शिपाई फिस्सकन हसला. साहेबांनी आपलं हसू खोकल्यात दडवलं.

"उगाच धर्मात्मा बनू नका, भाऊजी," ती वळून म्हणाली. "मेलेल्या पाखराला गिऱ्हाईक नसतं म्हणून भरत होतात तुम्ही वाटी. जाळ्यात पाय मोडून मेलेली कोणी पुरली? मी. शिलाईच्या चिंध्यांत गुंडाळून."

"पुरलीत ना? मग तक्रार करून काय मिळवलंत? आई तुमच्याशी बोलत नाही. दादा तोंड फिरवतो. आणि पाखरं आहेत तिथेच. फक्त पिंजरा सरकारी झाला."

खोटा माणूसही कधी कधी खरं बोलतो, आणि मग ते जास्त लागतं.

ती पिंजऱ्याशी जाऊन बसली. तळाला एक मुनिया आडवी झाली होती. अर्ध्या अंगावरचा हिरवा रंग उतरून खालचा तिचा स्वतःचा तपकिरी रंग दिसत होता. तिच्या शेजारी दुसरी, चोच उघडी टाकून, डोळे मिटत होती.

"डॉक्टरांना कळवलंय," साहेब मागून म्हणाले. "ते येतील, बघतील, अहवाल देतील, मग आपण कोर्टात अर्ज करू. पद्धत असते, ताई. आणि हात लावू नका. सील तोडणं गुन्हा आहे, आधीच सांगून ठेवतो."

"बरं केलंत. नंतर माहीत नव्हतं म्हणायला नको."

तिनं वाकून सुतळी दातांत धरली. रोज धागा तोडायची सवय होती, पण सुतळी धाग्यासारखी तुटत नाही. ती चावत राहिली. साहेब ओरडले. शिपाई जागचा हलला नाही. लाखेचा तुकडा फुटून तिच्या ओठाला चिकटला आणि गाठ सुटली.

"वहिनी, वेड लागलंय का?" दीर उठून उभा राहिला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "आत टाकतील तुम्हाला!"

तिनं पिंजरा उचलून खिडकीत ठेवला आणि दार उघडून धरलं.

कोणीच हललं नाही. दार उघडं दिसत असूनही पाखरं एकमेकींना चिकटून बसली. मग एक गुलाबी मुनिया उंबऱ्यावर आली, बाहेर पडली, पडता पडता सावरली आणि समोरच्या भिंतीपलीकडे गेली. मग दुसरी. मग एकदम पुष्कळ. ज्यांच्या अंगात जोर नव्हता त्या राहिल्या. शिपाई पाण्याचा मग भरून जवळ आला होता; तिनं तो घेतला, वाटी सरळ केली, भरली आणि त्यांच्यासमोर ठेवली. मेलेली मात्र अलगद बाहेर काढली.

साहेबांनी पेन उघडलं होतं. "पुराव्याशी छेडछाड. सरकारी कामात अडथळा. दोन्ही कलमं लावतो. नाव सांगा."

"लावा. आणखी असतील तर तीही लावा. यांना सोडलं ते मीच, दातांनी, सगळ्यांसमोर." तिनं मेलेली मुनिया त्यांच्या कोऱ्या कागदावर ठेवली. "आता हिचं सांगा. हिला मारल्याचं कलम कोणतं? आणि ते कोणाच्या नावावर लिहिणार? सांगा, साहेब. उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."